तिसरा हात

यादीत त्याचं नाव असेल हे उत्कर्षाच्या मनातही आलं नव्हतं. शुक्रवार होता, तिनं ऑफिसला सुट्टी टाकली होती. रावेतच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी साय धरलेला चहा. गॅलरीत तिचे वडील तात्याबा कढीपत्त्याच्या कुंडीतली माती खुरप्यानं उकरत बसलेले. पेपर तयार होता. पंचवीस पानं, नऊ वर्षांच्या शनिवार-रविवारांची. संगणकाच्या भाषांवर संशोधन करणारी जगभरची माणसं वर्षातून एकदा ज्या परिषदेत जमतात, तिथं तो पाठवायचा होता. जगात कुठंही गुरुवार शिल्लक आहे तोवर मुदत, अशी त्या परिषदेची रीत. आपल्याकडं ती शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला संपते. शेवटचा फॉर्म तेवढा राहिला होता. पेपर तपासणाऱ्या साठ-सत्तर जणांची यादी समोर येते आणि प्रत्येक नावापुढं आपलं त्या माणसाशी काय नातं ते निवडायचं असतं. नातं असेल तर त्या माणसाला तो पेपर दाखवत नाहीत. ती भराभर खाली जात होती. नातं नाही, नातं नाही, नातं नाही. कुठली कुठली माणसं, त्यांचे उच्चारही धड न येणारे. आणि मधेच, डेन्मार्कमधल्या एका विद्यापीठाच्या नावाशेजारी, बुद्धरत्न.

तिचं बोट माऊसवर तसंच राहिलं. नावापुढची चौकट उघडली. 'नातं नाही.' 'गेल्या चार वर्षांत एकत्र काम.' 'गुरु-शिष्य.' 'वैयक्तिक.' एवढेच पर्याय होते. एकत्र काम केलं होतं, पण त्याला चार नाही, नऊ वर्षं झाली होती. म्हणजे नियमाप्रमाणे ते काम धरायचंच नव्हतं. तिनं 'वैयक्तिक' निवडलं. मग काढून टाकलं. निवडलं की हा पेपर त्याला दिसणार नव्हता. जगात ज्या एका माणसाला यातली ओळ न् ओळ कुठून आली ते वाचता वाचता कळलं असतं, त्याच्यापासून तो लपवून ठेवायची परिषदेनं रीतसर सोय केली होती. 'वैयक्तिक' तिनं पुन्हा निवडलं.

"झालं का गं?" तात्यांनी गॅलरीतून विचारलं.

"होतंय."

"चहा गार झाला तुजा."

या सगळ्याची सुरुवात सोळा वर्षांपूर्वीची. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. चाकणच्या पुढच्या एका प्रेस शॉपमध्ये तिचा चुलत भाऊ रणजीत कामाला होता, तात्याही तिथंच. गावातली निम्मी जमीन एमआयडीसीत गेल्यावर घरातले पुरुष एकामागून एक कंपन्यांच्या गेटमधून आत गेले, त्यांतले हे दोघं. त्या दिवशी दुसऱ्या शिफ्टला रणजीतच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली. लोखंडी पत्रा दाबून त्याला आकार देणारं ते मशीन. वरचा ठोकळा खाली येतो तेव्हा फरशी हलते. कामगाराचे दोन्ही हात दोन वेगवेगळ्या बटनांवर असतील तरच तो खाली यायचा, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नको. पण मशीन आपोआप आलं, असं सगळ्यांनी सांगितलं. बटन न दाबता दुसरा ठोका पडला. रणजीतनं तेच सांगितलं, तात्यांनीही तेच. चौकशीच्या कागदावरही तेच लिहिलं गेलं आणि मशीन भंगारात निघालं. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात उत्कर्षा आठ दिवस बसून होती. फिनेलचा वास, मांडीवर उघडं पुस्तक, आणि डोक्यात एकच: मशीनच्या आत कुणीतरी प्रोग्रॅम लिहिला असणार, आणि तो चुकीचा असणार. बुद्धरत्न तिच्या वर्गात होता, मार्केटच्या मागच्या गल्लीत राहायचा, दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. तो रोज संध्याकाळी त्याच्या आईच्या हातचा डबा घेऊन यायचा आणि रणजीतला डाव्या हातानं जेवायला शिकवायचा. चमचा निसटला की हसायचा, रणजीतलाही हसवायचा. एके दिवशी डबा धुता धुता तो तिला म्हणाला, "चुकीचा प्रोग्रॅम लिहिता येतो ना, तिथंच घोळ आहे. चुकीचा लिहिताच येणार नाही अशी भाषा का नसावी?" नळाचं पाणी डब्याच्या झाकणावरून उडून तिच्या ओढणीवर येत होतं. ती बाजूला झाली नाही.

ती भाषा त्यांनी केली. तिला नाव दिलं राखण. पुढं दोघांना हिंजवडीत नोकऱ्या लागल्या आणि बुद्धरत्ननं मारुंजीत तिघांत एक खोली घेतली. दर शनिवारी ती तिथं जायची. खोलीत भिंतीला लावलेला पांढरा फळा, मार्करचा वास, दोरीवर रूममेटचे ओले शर्ट, खिडकीखाली कुणाच्या तरी म्हशी आणि म्हशींच्या पलीकडं बावीस मजल्यांचं बांधकाम. सहा वर्षं. राखणमध्ये लिहिलेला कुठलाही प्रोग्रॅम कामगाराचा हात आत असताना मशीन खाली आणणारच नाही, हे गणितानं सिद्ध करायचं होतं. त्या सिद्धतेचा मधला कणा त्याला एका पावसाळ्यात सुचला, ओल्या छत्रीसकट आत येता येता, आणि छत्री मिटायचं सोडून तो फळ्यावर लिहीत सुटला. फळा पुसायच्या आधी तो नेहमी तिला विचारायचा, "पुसू?" आणि ती हो म्हणेपर्यंत थांबायचा. त्यानं तिच्यावर प्रेम आहे असं म्हटल्याचं तिला आठवत नाही. ते "पुसू?" मात्र आजही मधेच कानात येतं, ऑफिसमध्ये, सिग्नलला, भांडी घासताना. परिषदांना पेपर पाठवताना त्यावर लेखकाचं नाव घालायचं नसतं, तपासणाऱ्यानं माणूस न बघता काम बघावं म्हणून. हा नियम त्याला फार आवडायचा. "आडनाव न विचारता आत घेणारी एवढी एकच जागा माझ्या पाहण्यात आहे," तो म्हणायचा. तेव्हा ती हसायची. त्यात हसण्यासारखं काय होतं, असं तिला आता वाटतं.

मग तो घरी आला. तेव्हा उत्कर्षाचं घर गावातच होतं. पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आला, बाहेरच्या खोलीत तात्यांसमोर दोन तास बसला. ती आईबरोबर आत स्वयंपाकघरात, कान बाहेर लावून. पण ऐकू येत होतं ते फक्त पावसापाण्याचं, रिंग रोडचं, मेट्रो कुठवर येणार त्याचं. तो गेल्यावर तात्या म्हणाले, "न्हाई जमायचं." आईनं कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "आपल्यात न्हाई बसत ते." त्यावर भावकीतल्या कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. तो विचारायची गरजच कुणाला वाटली नाही, जणू हवामानाचा अंदाज सांगितला होता. तात्या ओरडले नाहीत, त्यांनी हात उगारला नाही, तिला कोंडून घातलं नाही. त्यांनी तसलं काही केलं असतं तर ती निघून गेली असती, असं तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते फक्त जेवणावरून उठायचे, दोन घास खाऊन, आणि गोठ्याच्या जोत्यावर जाऊन बसायचे. अकराव्या दिवशी तिनं ऑफिसमधून बुद्धरत्नला मेल लिहिला. मला फोन करू नकोस, लिहू नकोस. आणि खाली एक ओळ: राखणचं काम मी पुढं नेलं तर चालेल का? त्याचं उत्तर आलं. 'काम तुझंच आहे.' त्या तीन शब्दांवर ती नऊ वर्षं राहिली. तो परदेशी गेला, शिकला, तिथंच शिकवायला लागला, लग्न केलं, त्याला मुलगी झाली. हे सगळं कॉलेजच्या ग्रुपवर इतरांच्या शुभेच्छांमधून कळत गेलं. तिच्यासाठीही तात्यांनी स्थळं आणली, चार-पाच. ती प्रत्येकाला नाही म्हणाली आणि तात्यांनी एकदाही कारण विचारलं नाही.

फॉर्मच्या शेवटी आणखी एक चौकट होती. ज्यांच्या कल्पनांवर हे काम उभं आहे त्या सर्वांची नावं लेखकांत दिली आहेत, असं जाहीर करायचं. पेपरवर नाव नसलं तरी फॉर्ममध्ये लेखकांची नावं द्यावी लागत, आणि तिथं तिनं एकच नाव लिहिलं होतं, स्वतःचं. त्याचं नाव घालायचं तर त्याला विचारावं लागलं असतं आणि विचारायला तोंड नव्हतं, म्हणून ती गोष्ट वर्षानुवर्षं पुढं ढकलत आणून इथं पोहोचली होती. कर्सर त्या चौकटीपाशी लुकलुकत होता. एकदा घरात त्याचं नाव गाळलं. आता इथंही गाळायचं. ते पहिल्यांदा झालं तेव्हा निदान समोर तात्या होते. इथं समोर कुणीच नव्हतं. तिनं डेन्मार्कच्या विद्यापीठाचं पान उघडलं, त्याच्या ऑफिसचा नंबर शोधला, आणि लॅपटॉप, फोन घेऊन आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. आपल्याकडं साडेबारा वाजले होते. तिकडं सकाळचे नऊ.

दोनच रिंगमध्ये फोन उचलला गेला. त्यानं तिकडच्या लोकांसारखं आधी स्वतःचं नाव सांगितलं.

"मी बोलतेय. उत्कर्षा."

"हो," तो म्हणाला. "आई-तात्या बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"मग बोल."

ती एका दमात बोलली. यादीत त्याचं नाव दिसलं, नातं आहे असं कळवलंय, तेव्हा पेपर त्याच्याकडं जाणार नाही. पण मधली सिद्धता त्याची आहे, तर त्याचं नाव लेखकांत घालायला त्याची हरकत आहे का. बोलताना तिच्या लक्षात आलं की आपण कचेरीत अर्ज वाचून दाखवावा तसं बोलतोय.

"नको घालूस," तो म्हणाला.

"रागावला आहेस?"

"नाही गं." मागं कुठंतरी दार लागल्याचा आवाज आला. "उत्कर्षा, एक विचारू? त्यात कामगार किती धरलेत?"

"किती म्हणजे? एक."

"अजून एकच?"

त्यानं ते इतक्या हळू विचारलं की त्याच्याकडं त्याचं उत्तर केव्हापासूनच आहे हे तिला कळलं. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"सिद्धता बरोबर आहे," तो म्हणाला. "त्यात काही चुकलेलं नाही. पण ती एकट्या माणसापुरती बरोबर आहे. मशीनपुढं दोघं असले तर? एकाचे दोन्ही हात बटनांवर, आणि दुसऱ्याचा हात आत. मशीन दोन हात मोजतं. तिसरा कुणाचा, ते त्याला कळत नाही. आपल्या भाषेलाही कळत नाही."

"दोघांनी चालवायला बंदी असते."

"असते."

तिच्या डोळ्यांपुढं पेपरचं तिसरं पान आलं. व्याख्या पहिली: कामगार. एकवचनी. त्यावर बाकीची बावीस पानं. "तुला हे कधी कळलं?" तिनं विचारलं.

"तुमच्या घरी आलो त्याच्या आधी महिनाभर. त्या भंगारातल्या मशीनचा कंट्रोलर मी मिळवला होता, आठवतंय? त्यातला प्रोग्रॅम मी पूर्ण वाचून काढला. त्या मशीनला आपोआप दुसरा ठोका देताच येत नव्हता. शक्यच नव्हतं. म्हणून मी रणजीतकडं गेलो आणि त्याला विचारलं."

"काय म्हणाला तो?"

"ते त्यालाच विचार."

"बुद्धरत्न, नऊ वर्षं मी हे करतेय. तू एका ओळीनं सांगू शकत होतास."

"लिहू नकोस म्हणाली होतीस," तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. "आणि मला वाटलं, तू कधीतरी रणजीतला विचारशील. हे काम करणारा माणूस त्याला विचारल्याशिवाय कसा राहील, असं वाटलं." मग म्हणाला, "एक माणूस गृहीत धरलाय असं स्पष्ट लिही आणि पाठव. पेपर म्हणून तो उभा राहील. वेळ आहे अजून."

वेळ होता. चार तासांहून जास्त. फोन ठेवल्यावर तिनं तिसरं पान उघडलं, 'मशीनपुढं एकच कामगार आहे असे आम्ही गृहीत धरतो' असं पेपरच्या इंग्रजीत लिहिलं आणि वाचलं. वाक्य नीट होतं. तपासणाऱ्यांनी त्यावर मान डोलावली असती. लॅपटॉप काखेत घेऊन ती बाहेर आली, गाडीची किल्ली घेतली. जरा जाऊन येते, असं तात्यांना म्हणाली. त्यांनी मातीचे हात वर धरून विचारलं, "पाठवलं का?" ती म्हणाली, आल्यावर.

तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रेलरमागं ट्रेलर. नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेऊन निघालेले, एकेका खड्ड्याशी थांबत. ती क्लचवर पाय ठेवून बसून राहिली आणि रणजीतचा चेहरा आठवू लागली. तो आठवत होता लहानपणचा, विहिरीच्या कडेवरून ओरडणारा; आठवत होता लग्नातला, मुंडावळ्यांखाली घामेजलेला. बोटं गेल्यानंतरचा त्याचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं येईना. हात यायचा. सोळा वर्षं ती त्याच्या हाताकडं बघत होती, सभा-संमेलनांत त्या हाताविषयी बोलत होती, पेपरच्या पहिल्या परिच्छेदात तो हात होता, आणि त्या दिवशी नेमकं काय झालं हे तिनं त्याला एकदाही विचारलं नव्हतं. दुखावेल म्हणून, असं ती म्हणायची. खरं तर उत्तर आधीच मिळालेलं होतं आणि ते तिला आवडलं होतं. त्या उत्तरात कुणाही माणसाचा दोष नव्हता, आणि आपल्याला आयुष्यभर पुरेल असं काम होतं.

रणजीतचं हार्डवेअरचं दुकान चाकणच्या पुढं, रस्त्याला लागून. गल्ल्यावर त्याची बायको अनिता होती, तिनं "ताई, अचानक?" म्हणून खुर्ची पुढं केली आणि चहा टाकायला मागं गेली. रणजीत डाव्या हातानं खिळे वजन करत होता, उजव्या अंगठ्यानं पिशवीचं तोंड दाबून धरलेलं. गिऱ्हाईक गेल्यावर तिनं सरळ विचारलं.

"रणजीतदादा, त्या दिवशी मशीनवर तुझ्याबरोबर दुसरं कोण होतं?"

त्यानं पिशव्यांचा गठ्ठा सारखा केला. मग केलेला पुन्हा सारखा केला. "कुनी सांगितलं तुला?"

"बुद्धरत्ननं. एवढंच सांगितलं की दोघं असणार. कोण ते नाही सांगितलं."

"न्हाई सांगायचा. शब्द दिल्ता त्यानं मला." तो तिच्या खुर्चीशेजारच्या बाकावर येऊन बसला, रस्त्याकडं तोंड करून. "टारगेट राह्यलं व्हतं शिफ्टचं. एकट्यानं पत्रा ठेवायचा, दोन बटनं दाबायची, माल काढायचा, लई वेळ जातो. म्हनून दोघं लागायचो. समदेच लागायचे. साहेब बघून न बघितल्यासारखं करायचा. एक जन बटनावर, एक जन ठेवाय-काढायला. मी काढत व्हतो. एक माल अडकला डायच्या साच्यामधी, म्हनून हात घातला. बटनावरच्याला मागनं कुनीतरी हाक मारली. त्यानं मान वळवली. हात तर बटनावरच, सवयीचा. दाबलं गेलं."

"कोण होतं?"

एक कंटेनर गेला, दुकानातल्या बादल्या एकमेकींवर थरथरल्या. तिला तेवढ्यात कळलं, आणि कळलेलं परत ढकलता येईल का हे तिनं पाहिलं.

"तात्या," ती म्हणाली.

"व्हय."

"आणि मशीन आपोआप आलं, हे?"

"ते मीच सांगितलं. दवाखान्यात साहेब आला कागद घिऊन, म्या म्हनलं मशीन आपोआप आली. तात्याची नोकरी गेली असती, केस झाली असती. तुजं कॉलेज व्हतं. घरात शिकनारी तू एकली." तो जरासा हसला. "मशीनला काय, पोरंबाळं न्हाईत. तिचं नाव घेतलं."

"सोळा वर्षं, रणजीतदादा."

"अगं मग काय. तू येवढी धरून बसशील असं वाटलं न्हवतं. तू मशीनच्या मागं लागलीस, ते बरंच वाटायचं आमाला. तात्या म्हनायचे, पोरगी तुज्यासाठी करतीया. मी म्हनायचो, करू द्या." मग एकदम गंभीर होऊन तो म्हणाला, "बुद्धरत्न आलता तवा मला खोटं बोलवंना. डाव्या हातानं जेवाय त्यानं शिकिवलं मला. त्याला सांगितलं आनि त्याच राती तात्यालाबी सांगून टाकलं, की त्याला ठावं झालंय म्हनून. चुकलं का काय माजं?"

अनितानं चहा आणला. उत्कर्षानं तो घेतला, तो उकळता होता हे जीभ भाजल्यावर कळलं. चार-साडेचार वाजले असतील. दुकानातून निघून ती गाडीत बसली, लॅपटॉप शेजारच्या सीटवर होता, फोनवरून इंटरनेट जोडता आलं असतं. एक वाक्य तर घालूनच झालं होतं. तिनं लॅपटॉप उघडला, पेपरचा पहिला परिच्छेद वाचला: एका कारखान्यात मशीनच्या प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे एका कामगाराची चार बोटं गेली. तिनं तो पुन्हा वाचला. दुरुस्त करता येतो का ते बघायला लागली. प्रोग्रॅममधली चूक काढली तर वाक्यात उरत होतं ते तात्यांचं मान वळवणं, रणजीतचा हात, आणि एक मुलगी, जिच्या कॉलेजसाठी हे सगळं झाकलं गेलं होतं. मोशीकडनं आलेला शिफ्टच्या बसचा लोंढा रस्त्यावर साचला, हॉर्न वाजायला लागले, मागच्या टेम्पोवाल्यानं काच ठोठावून "ताई, गाडी काढा की" म्हटलं. तिनं गाडी काढली. साडेपाचला फोनवर आठवण वाजली तेव्हा ती ट्रेलरच्या मागं उभी होती. तिनं ती बोटानं बंद केली. एवढंच. काही तुटल्यासारखं, संपल्यासारखं वाटलं नाही. ते नंतर वाटणार होतं, सोमवारी, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, कुणीतरी सहज "वीकेंडला काय केलंस" म्हणून विचारल्यावर.

घरी पोहोचली तेव्हा आई जयमाला खाली बायकांत फिरायला गेलेली होती. तात्यांनी कुकर लावून ठेवला होता. टेबलाशी ते लसूण सोलत बसले होते. तिनं चप्पल काढली, हात धुतले, समोर बसली आणि एक गड्डा ओढून सोलायला घेतला.

"पाठवलं?"

"नाही. वेळ गेली."

"का गं? येवढं जीव तोडून..."

"चूक निघाली त्यात."

"मोठी?"

"एक माणूस धरायचा राहिला होता," ती म्हणाली. "मी रणजीतदादाकडं गेले होते."

तात्यांचं नख पाकळीत रुतून राहिलं. ते तिच्याकडं बघेनात. त्यांनी ती पाकळी ताटलीत ठेवली. त्यांचे हात तिला पहिल्यांदाच म्हातारे दिसले. तिला त्यांना बरंच काही विचारायचं होतं, येताना रस्ताभर तिनं ते जुळवलं होतं.

"मला कुनी हाक मारली ते मला अजून ठाव न्हाई," तात्या म्हणाले. "लई आठवून बगितलं. हाक आली येवढं खरं." कुकरची शिट्टी झाली. ती संपेपर्यंत ते थांबले. "तुला सांगायचं व्हतं. तू कॉलेजातनं यायचीस, मशीनचं बोलायचीस. म्हनायचो, उद्या सांगू. मग तू त्यातच मोठी झालीस."

"आणि बुद्धरत्न?" ती म्हणाली. "त्याला नकार दिलात तो जातीवरून नव्हताच ना?"

"जातीवरनंबी व्हतंच," तात्या म्हणाले. "खोटं कशाला बोलू. मनात ते व्हतंच. पर तेवढ्यावर मी तुला येवढं अडवलं नसतं, असं मला वाटतं. तू अडून बसली असतीस तर मी वाकलो असतो. पर त्या पोराला समदं ठावं. त्यो रोज घरात येनार, माज्यासमोर जेवाय बसनार, माज्या हाताकडं बगनार. मला ते झेपलं नसतं. आनि जात म्हनलं की कुनी फुडं इचारीत न्हाई." त्यांनी ताटलीतल्या पाकळ्या बोटानं एका बाजूला लोटल्या. "तो आलता त्या दिशी मी तयार बसलो व्हतो. मला वाटलं, आता काढंल. आता म्हनंल, तात्या, मला म्हाईत हाय, पोरगी द्या न्हाईतर सांगतो समद्यांना. म्या मनात ठरवलं व्हतं. काढलं त्यानं, तर व्हय म्हनायचं. करतो काय. दोन तास बसला गं तो. रिंग रोड, मेट्रो, पाऊस. प्रत्येक येळला मला वाटायचं, आता. पर त्यानं काढलंच न्हाई. पोहे खाल्लं, पाया पडला, आनि गेला."

लसणाची सालं पंख्याच्या वाऱ्यानं टेबलावरून सरकत होती.

"म्हनून मग मी न्हाई म्हनलो."

उत्कर्षा उठली, गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. डेन्मार्कमध्ये आता दुपार संपत आली असेल. तो मुलीला शाळेतून आणायला निघाला असेल, तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावून. फोन तिच्या हातात होता, दुपारी लावलेला नंबर सगळ्यांत वर. एक शब्द बोलला असतास तर, असं त्याला सांगायचं होतं. आणि हे त्याला कधीही कळता कामा नये, हे तिला त्याच क्षणी कळत होतं. बेल वाजली. आई आली असणार. तात्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि उठायचा प्रयत्न केला, पण त्यांना लगेच उठता येईना. म्हणून दार उघडायला तीच गेली.